शेक संपल्यानंतरची वर्षे

कर्करोगाविषयीच्या लेखनात ‘पाच वर्षे’ हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने येतो, ती सहजता आम्हांस नेहमीच खटकत आली आहे. उपचारानंतर रुग्ण पाच वर्षे हयात राहिला की तो कोष्टकात यशाच्या रकान्यात जाऊन बसतो. ही पाच वर्षांची मर्यादा सोयीसाठी आखलेली आहे, तीत गैर काही नाही. परंतु एकदा रेघ आखली की रेघेपलीकडच्या प्रदेशात जाण्याचे प्रयोजन संपते, आणि माणसे तर त्या प्रदेशात वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहत असतात. प्रस्तुत लेख त्या वर्षांविषयी आहे. निमित्त मात्र घरचे.

वैजापूर तालुक्यात, शिऊरच्या बाजूला, आमचे आजोळ. तेथील एक गृहस्थ नात्याने आमचे मामा लागतात. १९८८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांच्या मानेत डाव्या अंगाला गाठ आली. त्याआधी वर्षभर डाव्या कानाला दडा बसलेला होता, आणि नाक शिंकरले की अधूनमधून रक्त पडे. रक्त उष्णतेचे ठरले, दडा सर्दीचा ठरला, आणि गाठ दुखत नव्हती म्हणून ती कशाचीच ठरली नाही. पुढे मुंबईत निदान झाले : नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला जी पोकळी असते, त्या नासाग्रसनीचा कर्करोग. सात आठवडे कोबाल्टचा शेक घेऊन मामा परतले. गाठ विरघळली होती. लग्न झाले, मुले झाली, कांदा आणि कापूस पिकवला, विहिरीला दोनदा पाणी लागले आणि दोनदा आटले. आज ते साठी ओलांडून हयात आहेत. कोणत्याही कोष्टकात त्यांची गणना यशातच होईल, आणि ती यथार्थच होईल.

तरीही आम्ही लहानपणापासून त्यांना पाहत आलो ते पाण्याच्या तांब्यासह. शेतात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कीर्तनात, तांब्या जवळ. पुढे तांब्याची बाटली झाली एवढाच फरक. कोरडी भाकरी त्यांच्या गळ्याखाली उतरत नाही. ती दुधात किंवा वरणात कुस्करावी लागते. बाजरीची भाकरी आणि ठेचा यांवर वाढलेल्या माणसाला ठेच्याचा वाससुद्धा झोंबावा, ही गोष्ट ऐकायला किरकोळ आहे. रोज दोन वेळा भोगायला नाही. डावा कान हळूहळू गेला, मग उजवाही मंदावला. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. मान लाकडासारखी घट्ट झाली. २००३ च्या सुमारास ते सुस्तावले, अंगावर सूज आली. गावाने ‘वय झाले’ म्हटले, एका तरुण डॉक्टरने रक्त तपासून कंठग्रंथी मंदावल्याचे सांगितले. नंतर जिभेचा डावा अर्धा भाग वाळल्यासारखा झाला आणि बोलणे बोबडे झाले.

आणि मधल्या काळात, २००९ साली, दाढ. दाढ किडली होती, ती काढली गेली. काढणाऱ्याने या जबड्याला पूर्वी कधी किरण दिले आहेत काय, हे विचारले नाही. मामांनी सांगितले नाही, कारण त्या आजाराचा आणि दातांचा काही संबंध असतो हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. जखम आठ महिने भरली नाही. अखेर हाडाचा एक तुकडा सुटून बाहेर आला. काढणाऱ्याला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. वीस वर्षांपूर्वीचा कागद पुराच्या पाण्यात कुजून गेला होता, आणि गृहस्थ तर धडधाकट दिसत होते. आमचा प्रश्न वेगळा आहे : जी गोष्ट वैद्यकशास्त्राला १९८८ साली ठाऊक होती, ती वैजापुरापर्यंत २००९ सालीही का पोचली नव्हती?

या प्रश्नाचे एक उत्तर रोगाच्या भूगोलात आहे. नासाग्रसनीचा कर्करोग आपल्याकडे विरळा. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांत आणि हाँगकाँग हे त्याचे माहेरघर. एके काळी त्याला ‘कँटनचा कर्करोग’ असेच म्हणत. भारतात तो प्रामुख्याने ईशान्येकडे, नागालँड-मणिपूर-मिझोरामच्या डोंगरांत आढळतो. महाराष्ट्रात लाखात एकाच्याही खालीच. एपस्टीन-बार विषाणू (जो १९६४ साली सापडला), अनुवंश आणि बालपणापासून खाल्लेले खारवलेले मासे अशी त्याची कारणमीमांसा दिली जाते. यांपैकी मासळीचा वैजापूरशी संबंध लावणे अवघड आहे. मराठवाड्यातील डोक्या-मानेचा कर्करोग म्हणजे तंबाखूचा, गुटख्याचा, गालफडाचा कर्करोग. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली ती त्याच भयाने. अशा मुलखात मामांसारखा रुग्ण हा अपवाद असतो, आणि अपवादाचे ज्ञान कोणी गाठीशी बांधून ठेवत नाही. त्यातही एक क्रूर गंमत अशी, की मामांचे तोंड उघडत नाही हे पाहून प्रत्येक नवा डॉक्टर प्रथम ‘गुटखा किती खाता?’ असे विचारतो. त्यांनी आयुष्यात सुपारीदेखील खाल्लेली नाही.

भारतातील या रोगाचा आणखी एक विशेष आहे. तो केवळ उतारवयाचा नाही. पौगंडावस्थेतील मुलांतही त्याचा एक लहानसा चढ दिसतो. पंधराव्या वर्षी बरा झालेला मुलगा पुढे पन्नास वर्षे जगणार असतो. त्या मुलाच्या बाबतीत ‘पाच वर्षे’ या मापाला काय अर्थ उरतो, ते वाचकांनीच ठरवावे.

दुसरे उत्तर रस्त्यांच्या आणि राज्यांच्या इतिहासात आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. किरणांनी रोग बरा करणारे रुग्णालय आणि अणुभट्ट्या बांधणारे खाते एका छत्राखाली यावेत, यात होमी भाभांची दूरदृष्टी होती खरी. पण १९४१ साली वैजापूर मुंबई प्रांतात नव्हते. ते निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला होते. येवले किंवा कोपरगावच्या हद्दीत शिरले की इंग्रजी अंमल लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, तरी हैदराबाद राज्य राहिले, आणि त्या राज्याचे कर्करोग रुग्णालय व रेडियम संस्था (मेहदी नवाझ जंग यांच्या नावाची) हैदराबादेत १९५५ साली निघाली. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे ज्या राजधानीत रेडियम आले, ती राजधानी वर्षभरात परकी झाली. त्याच १९५६ साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ज्याचे ‘घाटी’ हे नाव साऱ्या मराठवाड्याच्या तोंडी आहे. तरी कर्करोगाच्या मोठ्या उपचारासाठी लोकांचा ओढा राहिला तो मुंबईकडेच : रोटेगाव स्टेशनात मीटरगेज गाडी धरायची, मनमाडला उतरून मोठ्या रुळांची गाडी पकडायची, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का पाहायचे. मामांनी हेच केले. सात आठवडे माणूस हे करतो. दर सहा महिन्यांनी, कांदा काढणीला आलेला असताना, आयुष्यभर कोण करील? मामा तीन वर्षे तपासणीला गेले. चौथ्या वर्षी दुष्काळ होता.

आता थोडे शेकाविषयी. गावात ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, आणि आम्हांस हा ‘शेक’ शब्द पुस्तकी ‘किरणोपचारा’हून अधिक बोलका वाटतो, फक्त या शेकाला ऊब नसते. नासाग्रसनी ही कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या मधोमध दडलेली जागा. तेथे सुरी नीट पोचत नाही, म्हणून प्रथमपासूनच या रोगाचा मुख्य उपचार किरण हाच राहिला. सुदैवाने रोगही किरणांना चांगला दाद देतो. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० चा वापर सुरू झाला आणि पुढची काही दशके हे यंत्र जगभरच्या रुग्णालयांचा आधार होते. कोबाल्टचा जोर सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. स्रोत जुना झाला की तेवढीच मात्रा घ्यायला रुग्णाला जास्त मिनिटे पडून राहावे लागते. मात्रा ठरलेली : रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण सुमारे ७० ग्रे. एक झोत उजव्या कानापुढून, दुसरा डाव्या कानापुढून, समोरासमोर. मधोमध रोग.

मधोमध रोग असला तरी झोताला तेथे जाण्यासाठी वाटेतील सारे ओलांडावे लागे, आणि वाट मोठ्या वस्तीतून जाते. दोन्ही कानांपुढील लाळग्रंथी वाटेत. जबड्याचे सांधे वाटेत. आतला कान वाटेत. मेंदूच्या कानशिलाकडील खंडांचा खालचा भाग वाटेत. अगदी वर, हाताच्या अंतरावर नव्हे तर बोटाच्या अंतरावर, शरीरातील इतर ग्रंथींना हुकूम देणारी पोषग्रंथी. मानेतील गाठींना शेक द्यायचा तर कंठग्रंथी त्यात आलीच. उपचार चालू असताना तोंड सोलवटते, गिळता येत नाही. पण तोंडाच्या अस्तराच्या पेशी भराभर नव्याने होतात, म्हणून ते दुःख दोन-तीन महिन्यांत ओसरते. खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो. सावकाश बदलणाऱ्या ऊतींत बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे अरुंद होत जातात, स्नायूंत तंतू माजतात, मज्जातंतू आवळले जातात. जिभेची नस पंधरा-वीस वर्षांनी निकामी होऊ शकते. लाळ आटली की दात कडेकडेने किडतात, कारण दिवसाकाठी सुमारे लिटरभर वाहणारी लाळ हीच दातांची राखणदार. आणि किडलेला दात ओढला तर रक्तपुरवठा तुटपुंजा झालेले हाड भरून येत नाही. मामांच्या दाढेचा इतिहास एवढाच आहे. त्यावरचा उपायही फार पूर्वीपासून ठाऊक आहे : शेकाआधी दात तपासून घ्यावेत, काढायचे ते आधीच काढावेत, आणि पुढे आयुष्यभर फ्लोराइड लावावे. ‘आयुष्यभर’ हा शब्द येथे महत्त्वाचा.

हे ज्ञान आले कोठून? बहुतांशी हाँगकाँगहून. रोग तेथे घरोघरचा, शहर लहान, आणि रुग्ण पुन्हा त्याच रुग्णालयात येणारा. जॉन हो यांच्यासारख्या तज्ज्ञांनी या एका रोगावर हयात घालवली. १९७६ ते १९८५ या दहा वर्षांत उपचार घेतलेल्या ५,०३७ रुग्णांचा मागोवा ॲन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. दहा वर्षांनंतरच्या हयातीचे प्रमाण ४३ टक्के निघाले. मामांना शेक मिळाला तो याच काळाला लागून, म्हणजे त्यांच्या पारड्यात निम्म्याहून कमी शक्यता होती. याच मंडळींच्या अभ्यासातून हेही पुढे आले, की एका बैठकीत मोठी मात्रा देऊन उपचार लवकर उरकले तर मेंदूच्या कानशिलाकडील खंडांचा काही भाग वर्षांनंतर मरू शकतो. बैठका वाचवणे ही गर्दीच्या रुग्णालयाची गरज होती. तिची किंमत रुग्णाने दहा वर्षांनी, विसराळूपणाच्या रूपाने मोजली. ही किंमत कळली, कारण तो विसराळू माणूस त्याच दाराशी परत आला. तो आला नसता तर उपचार निर्दोष ठरला असता.

आमच्याकडेही नोंदवह्या आहेत, आणि त्यांचा अभिमान बाळगावा अशाच आहेत. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली मुंबईत लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, ती देशातली पहिली. तिचीच शाखा औरंगाबादेत १९७८ साली निघाली. १९८७ साली बार्शीला ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव हिंडून, माणसांना भेटून नोंद करीत, आणि ग्रामीण भारताच्या कर्करोगाविषयी जे थोडे निश्चित बोलता येते ते पुष्कळसे बार्शीमुळे. पण औरंगाबादची नोंदणी सुरू झाली ती शहरासाठी. वैजापूर तिच्या हद्दीबाहेर. शिवाय अशा नोंदवहीचे काम मुळात रोग झाला केव्हा आणि माणूस गेला केव्हा हे टिपण्याचे. या दोन तारखांच्या मध्ये जे घडते, त्याला तीत रकाना नसतो. रुग्णालयाच्या दप्तरात तो असतो, पण माणूस यायचा थांबला की तेथे ‘पाठपुरावा तुटला’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्यात मेलेला, कंटाळलेला आणि मनमाडला गाडी चुकलेला असे तिघेही एकत्र नांदतात.

यंत्रे बदलली हे मान्य केलेच पाहिजे. या शतकाच्या आरंभी झोताची तीव्रता जागोजाग कमी-अधिक करून वळसा घालण्याचे तंत्र रूढ झाले. १९९९ साली मिशिगनमधील संशोधकांनी दाखवले होते, की कानापुढच्या लाळग्रंथीवर पडणारी मात्रा सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवली तर लाळ टिकते. नवे तंत्र नेमके हेच साधू पाहते. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत ६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (हे घशाच्या इतर भागांच्या कर्करोगाचे रुग्ण होते) उपचारकाळातील लाळग्रंथींचा लक्षणीय त्रास आधीच्या तंत्राने ८९ टक्के रुग्णांना, तर नव्याने ५९ टक्के रुग्णांना झाला. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. नासाग्रसनीच्या कर्करोगात आज चांगल्या केंद्रांतून दहांपैकी आठ रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात.

परंतु आम्हांस सर्वांत विचारात पाडले ते हाँगकाँगच्याच २००७ च्या एका चाचणीने. तेथेही ६० रुग्ण, सारे नासाग्रसनीचे. वर्षभरानंतर डॉक्टरांनी तपासले तेव्हा तीव्र शुष्कता जुन्या तंत्राच्या गटात ८२ टक्के, नव्याच्या गटात ३९ टक्के. उघड विजय. मात्र ‘तुम्हांला काय वाटते?’ असे रुग्णांनाच विचारले, तेव्हा दोन गटांच्या उत्तरांत ठळक फरक आढळला नाही. कानापुढच्या ग्रंथी वाचल्या तरी जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथी व तोंडातील बारीक ग्रंथी होरपळतातच, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते, आणि ते बरोबरही असेल. मोजमापाला जे निम्मे वाटले ते जिभेला निम्मे वाटले नाही, ही गोष्ट मात्र त्याने पुसली जात नाही. डॉक्टर लाळ मोजतो. रुग्ण भाकरी मोजतो.

औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगरात) शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले, आणि वैजापूरहून ते सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. मनमाडचा फेरा संपला. शासनाची आरोग्य योजना जिल्ह्यात २०१३ पासून आहे, शेकाचा खर्च तीत बसतो. या गोष्टी १९८८ साली असत्या तर मामांच्या आईला डोरले मोडावे लागले नसते. तरी योजनेची भाषा ‘पॅकेज’ची आहे आणि पॅकेजला शेवट असतो. या बाबतीत आम्हांस रेल्वे अधिक शहाणी वाटते : कर्करुग्णाला भाड्यात सवलत देताना तिच्या नियमात उपचाराबरोबर नियतकालिक तपासणीचाही उल्लेख आहे, आणि वर्षांची मर्यादा आम्हांस तीत दिसली नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही मामांजवळ बसून त्यांची वर्षवार हकीकत लिहून काढली. शिऊरला बहिणाबाईंची समाधी आहे. अंतकाळी त्यांनी आपल्या मुलाला मागील बारा जन्मांची कथा सांगितली, असे त्यांच्या आत्मनिवेदनात येते. तीनशे वर्षांपूर्वी ज्या मातीत बारा जन्मांचा हिशेब मांडला गेला, तेथे एका जन्मातली सदतीस वर्षे मांडायला आम्हांस तीन संध्याकाळ लागल्या. मामांना सालांपेक्षा पिके आठवत. कान गेला तो कापसाला बोंडअळी आली त्या वर्षी. कंठग्रंथी कळली ती थोरलीच्या लग्नाआधी. मध्येच ते म्हणाले, “जगलो की रे मी. त्यात काय एवढं लिहायचं?” मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “लिहू द्या त्याला. कालवण अळणी मी करते, तेही लिही म्हणावं.”

ते आम्ही लिहिले. पहाटे घसा चिकटून झोप मोडते, हे लिहिले. पोथी वाचायचे त्यांनी सोडले, कारण दोन ओव्यांनंतर जीभ टाळूला लागते. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, मामींनासुद्धा. मग एका कोऱ्या कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरांत मजकूर केला : ‘१९८८ साली चेहरा व मान यांना दोन्ही बाजूंनी कोबाल्टचे पूर्ण शेक दिलेले आहेत. विचारपूस केल्याशिवाय दात काढू नये. कंठग्रंथीची तपासणी दरवर्षी करावी. तोंड उघडत नाही ते शेकामुळे, गुटख्यामुळे नव्हे.’ शेवटचे वाक्य मामांच्या आग्रहाने घातले. धाकट्याने वैजापुरात त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवून आणले, आणि मामा आता ते सदऱ्याच्या खिशात, एसटीच्या सवलतीच्या कार्डामागे ठेवतात.